जावरी रस्त्यावरचं मैदान: एका प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

8 सप्टेंबर 2025

विसर्जन आटोपलं, गल्ली मोकळी झाली, आता टेबल मांडता येईल. वाचनालयाच्या कार्यवाहांशी बोलणं झालं. 18 जानेवारीला, म्हणजे 1982 च्या गिरणी संपाच्या तारखेला, 'गिरणी आणि मैदान' असं छोटं प्रदर्शन भरवायचं आहे. फोटो, हजेरीची जुनी कार्डं, व्यायामशाळांचे पेले अशा वस्तू लोक आणून देणार आहेत. मधोमध ठेवायची प्रतिकृती मी करणार.

मी सुचवलेलं मैदान ऐकून कार्यवाह क्षणभर गप्प झाले. ब्राझीलमधलं साओ पाउलो, तिथली मोका नावाची कामगारवस्ती आणि तिथल्या जावरी रस्त्यावरचं जुव्हेंतुस क्लबचं फुटबॉल मैदान. त्याचं कागदोपत्री नाव 'एस्तादिओ कोंदे रोदोल्फो क्रेस्पी', पण तिथले लोक नुसतं रस्त्याचं नाव घेतात, 'रुआ जावरी'. कार्यवाहांचा प्रश्न रास्त होता: "ताई, परळ-लालबागच्या प्रदर्शनात ब्राझील कशाला?" मी म्हटलं, हा क्लब कापडगिरणीच्या कामगारांनी काढला, मैदान गिरणीमालकाच्या जमिनीवर उभं राहिलं, पुढे गिरणी बंद पडली आणि मैदान मात्र अजून खेळतंय. असं कसं घडलं, हे आपल्या लोकांना बघायला मिळावं. त्यांनी होकार दिला. "पण फलक मराठीत आणि मोठ्या अक्षरात लावा, आमचे वाचक सत्तरीचे आहेत," एवढी अट घातली.

10 सप्टेंबर

प्रमाण ठरवलं, 1:200. ऑफिसात आम्ही इमारतींची मॉडेलं बहुधा 1:100 ला करतो, पण तेवढं मोठं केलं तर बोर्ड वाचनालयाच्या दारातून आत जाणार नाही. 1:500 ला माणूस साडेतीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे दिसतच नाही. 1:200 ला तो साडेआठ मिलिमीटरचा भरतो. मैदान, प्रेक्षकांचा जिना, बाहेरची घरं आणि माणूस हे सगळं एका नजरेत बसायला हवं, कारण या जागेचा सगळा जीव त्या जवळिकीत आहे. सुमारे 4,000 प्रेक्षकांची ही जागा. पहिल्या पायरीवरच्या माणसाचे आणि थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूचे हात जाळीतून जवळजवळ लागतात.

त्याच शहरात 2014 च्या विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना झाला तो कोरिंथियान्स या मोठ्या क्लबचा नवा स्टेडियम आहे, पाल्मेइरासचाही त्याच वर्षी नव्याने बांधलेला आहे. ते या प्रमाणात करायचे म्हटले तर वाचनालयाची सगळी वाचनखोली लागेल.

सामान: 12 मिमी प्लाय, माउंटबोर्ड, ग्रे बोर्ड, सनबोर्ड, पातळ जाळी, पोस्टर रंग, फेविकॉल, कटरची पाती.

14 सप्टेंबर

मापांचं काम. मोजपट्टी घेऊन तिथे जाणं शक्य नाही, तेव्हा वरून काढलेली उपग्रह छायाचित्रं आणि लोकांनी काढलेले फोटो यांवरच भिस्त आहे. मैदानाची लांबी-रुंदी नियमात सैल ठेवलेली असते: लांबी 90 ते 120 मीटर, रुंदी 45 ते 90 मीटर. त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. पण पेनल्टीचा चौकोन जगभर सारखाच, रुंदी 40.32 मीटर. गोलच्या दोन खांबांमधलं अंतर 7.32 मीटर, आडव्या दांड्याची उंची 2.44 मीटर. वरच्या छायाचित्रातला पेनल्टीचा चौकोन माझ्या कागदावर 20.16 सेंटिमीटर येईल इतकं ते मोठं केलं आणि बाकी सगळं आपोआप जागेवर बसलं.

उंची काढायला गोलच्या दांड्याचा आधार. त्यासाठी भिंत गोलच्या अगदी मागे असेल असेच फोटो घ्यायचे. कॅमेऱ्यापासून भिंत आणि गोल यांचं अंतर फार वेगळं असलं तर माप फसतं. असे फोटो वेगळे काढून त्यांवर पेन्सिलीने रेघा मारल्या. मॉडेलमध्ये दांडा 1.22 सेंटिमीटर उंचीवर येणार. त्याच पट्टीने कुंपण, भिंत, छपराची कड, मागची घरं अशी क्रमाने मोजत गेले.

जागा किती दाटीत आहे ते मोजताना कळलं. चारी बाजूंना रस्ते, घरांच्या मागच्या भिंती, आणि या सगळ्यांमध्ये हिरवा तुकडा बसवलेला. वाढायला कुठे जागाच ठेवलेली नाही.

21 सप्टेंबर

आज कात्रीला हात लावला नाही. दिवसभर फलकांचा मजकूर. मडगावच्या मामींशी दोनदा फोन झाला. त्या 1961 पूर्वीच्या शाळेत पोर्तुगीज शिकलेल्या, अजून चष्मा न लावता वाचतात. मी पाठवलेलं पान त्या आधी पोर्तुगीजमध्ये मोठ्याने वाचतात, मग "ऐक गो," म्हणून मराठीत सांगतात. त्यांनी वाचलेलं आणि मी आधी जमवलेलं मिळून हे असं आहे:

रोदोल्फो क्रेस्पी इटलीतून आला आणि 1897 मध्ये त्याने मोकामध्ये कापडगिरणी काढली. वस्तीही बहुतांश इटलीतून आलेल्यांची. परदेशातून येणाऱ्या मजुरांसाठी सरकारने बांधलेली मोठी धर्मशाळा 1887 पासून तिथूनच जवळ होती. 1978 पर्यंत 25 लाखांवर माणसं तिथून गेली. आज तिथे स्थलांतरितांचं संग्रहालय आहे. बोटीतून सांतोसला उतरायचं, आगगाडीने घाट चढायचा, काही दिवस धर्मशाळेत काढायचे, मग कॉफीच्या मळ्यावर नाहीतर गिरणीत जायचं. हे वाचून बाबा म्हणाले, "आम्ही एसटीने आलो, एवढाच फरक."

1917 च्या जूनमध्ये याच क्रेस्पी गिरणीत संप झाला. रात्रपाळीचे तास वाढवले होते, पगार महागाईला पुरत नव्हता, आणि वर इटलीच्या युद्धनिधीसाठी मजुरांच्या पगारातून पैसे कापले जात होते. संप बाकी कारखान्यांत पसरला. 9 जुलैला पोलिसांच्या हल्ल्यात होसे मार्तिनेस हा तरुण चांभार जखमी होऊन गेला. त्याच्या अंत्ययात्रेला शहर लोटलं आणि सगळं साओ पाउलो बंद पडलं. ब्राझीलच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या सार्वत्रिक संपाचं नाव पहिल्या ओळीत येतं.

त्यानंतर सात वर्षांनी, 20 एप्रिल 1924 ला, त्याच गिरणीतल्या कामगारांच्या दोन छोट्या संघांनी एकत्र येऊन क्लब काढला. नाव गिरणीचंच दिलं. तीन महिने होत नाहीत तोच जुलैत शहरात लष्करी उठाव झाला. उठाववाल्यांना हुसकावण्यासाठी सरकारी तोफांनी मोका, ब्रास या कामगारवस्त्यांवर मारा केला. क्रेस्पी गिरणीवरही गोळे पडले. कोसळलेल्या भिंती आणि उघड्या पडलेल्या लोखंडी तुळया यांचे फोटो आहेत. या अशा दिवसांत क्लब टिकला, आणि पुढे मालकाने गिरणीजवळची जमीन खेळायला दिली.

म्हणजे मैदानाच्या फाटकावर ज्याचं नाव आहे, त्याच्याच गिरणीतून 1917 चा संप सुरू झाला होता. क्रेस्पी पुढे मुसोलिनीचा उघड पाठीराखा झाला, इटलीच्या राजाने त्याला 'काउंट' केलं, 1939 मध्ये तो वारला. हे सगळं फलकावर यायला हवं. मैदान दिल्याचं श्रेय आणि पगार कापल्याची नोंद, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत. आपल्याकडे गिरणीमालकांच्या नावाची धर्मादाय रुग्णालयं आणि शाळा आहेत. तिथे शिकलेल्या, बऱ्या झालेल्या माणसांना हा गुंता वेगळा समजावावा लागणार नाही.

28 सप्टेंबर

प्लाय कापून आणला. 90 × 75 सेंमी. कडा घासल्या, प्रायमर मारला.

2 ऑक्टोबर

दसरा. कटर, पट्टी, कंपास यांची पूजा झाली, झेंडूचं फूल प्लायवरही ठेवलं. संध्याकाळी मैदानाची पहिली रेघ आखली. मध्यरेषा, मग वर्तुळ, 9.15 मीटर त्रिज्या म्हणजे 4.57 सेंटिमीटर. हिरवी पूड एकदम भुरभुरवायची नाही. फेविकॉल पाण्यात पातळ करून पट्ट्यापट्ट्याने लावायचा, एक पट्टा सुकला की पुढचा. गोलच्या तोंडाशी गवत झिजलेलं दाखवायला तिथे पुडीत थोडी पिवळी माती मिसळली. वस्तीच्या मैदानाचं गवत त्या जागी कधी पूर्ण हिरवं नसतं.

5 ऑक्टोबर

छपराखालचा मुख्य स्टँड. पायऱ्या माउंटबोर्डच्या, एकावर एक चढवून. खांबांना उदबत्तीच्या काड्या लावल्या. दीड मिलिमीटर जाडी, म्हणजे या प्रमाणात तीस सेंटिमीटरचा खांब, चालण्यासारखा. छपराला ग्रे बोर्डवर बारीक रेघा ओढून पत्र्याचा भास आणला.

प्रकाशझोतांचे मनोरे करायचे नाहीत, कारण कित्येक दशकं इथे ते नव्हतेच. त्यामुळे सामने दिवसाउजेडी, पुष्कळदा शनिवारी दुपारी. दिवे नसल्यामुळे या जागेचा स्वभाव बदलला, असं मला मनापासून वाटतं. दूरचित्रवाणीला रात्रीचे सामने हवे असतात, ते इथे होऊ शकले नाहीत. दुपारी पोरंबाळं येतात, म्हातारे येतात, संध्याकाळच्या आत घरी जातात. मध्यंतराला लोक रांग लावतात ती कनोलीसाठी: तळलेली कुरकुरीत नळी, आत गोड सारण, इटलीहून मजुरांबरोबर आलेला पदार्थ. धावफलक हाताने आकडे बदलायचा. तो मी स्वतंत्र करणार आहे, आकडे खरंच बदलता येतील असा. वाचनालयात येणारी मुलं आधी त्यालाच हात लावतील, लावू देत.

11 ऑक्टोबर

पेलेच्या गोलचा फलक. यावर इतका वेळ गेला की स्टँडची पाठ अजून उघडीच आहे.

2 ऑगस्ट 1959, राज्य अजिंक्यपद स्पर्धा, जुव्हेंतुस विरुद्ध सांतोस. पेले अठरा वर्षांचा, आदल्या वर्षी विश्वचषक जिंकून आलेला. सांतोस 4-0 ने जिंकलं, त्यातले तीन गोल पेलेचे. शेवटचा गोल असा सांगतात: उजवीकडून चेंडू आला, पेलेने तो खाली न पडू देता एका बचावपटूच्या डोक्यावरून उचलला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, आणि शेवटी पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाच्याही डोक्यावरून. मग डोक्याने हलकेच जाळ्यात. गोलरक्षकाला सगळे 'माओ दे ओन्सा' म्हणत, म्हणजे जग्वारचा पंजा. आपण केलेला सगळ्यांत सुंदर गोल हाच, असं पेले आयुष्यभर सांगत राहिला. हजाराच्या वर गोल मोजणारा माणूस मारकानासारख्या अवाढव्य स्टेडियमचं किंवा विश्वचषक जिंकला त्या स्टॉकहोमचं नाव न घेता मोकाच्या या छोट्या मैदानाचं नाव घेतो.

आणि या गोलची चित्रफीत नाही. जे होते त्यांच्या सांगण्यावरून 2004 मध्ये एका माहितीपटासाठी तो संगणकावर उभा करण्यात आला. 2006 मध्ये मैदानात पेलेचा अर्धपुतळा बसवला. पाहुण्या संघाच्या, आपल्याला हरवणाऱ्या खेळाडूचा पुतळा स्वतःच्या मैदानात बसवणारे क्लब किती असतील! त्या दिवशी प्रेक्षक पेलेला डिवचत होते, हेही तिथले लोक लपवत नाहीत. गोल झाल्यावर त्याने उडी मारून हवेत मूठ हाणली, ती त्या चिडवण्याला उत्तर म्हणून. पुढे ती उडी जगभर त्याची खूण झाली.

प्रश्न आला की मॉडेलवर हे दाखवायचं कसं. पहिला विचार होता तारेवर मणी ओवून चेंडूचा मार्ग दाखवायचा. बाजूला कागदावर करूनही बघितला. तो ठेवणार नाही. एकदा तार लावली की पाहणारा तारच बघतो आणि मैदान एका गोलपुरतं उरतं. त्याऐवजी पेलेचा पुतळा चार मिलिमीटरचा करून जागेवर ठेवणार, आणि गोलची हकिकत फलकावर पूर्ण लिहिणार. ज्याला गोल बघायचा आहे त्याने वाचून तो त्या हिरव्या तुकड्यावर स्वतः बघावा. 1959 पासून मोकातली माणसंही तेच करत आली आहेत.

18 ऑक्टोबर

फराळ, साफसफाई, पाहुणे. बोर्ड कपाटावर, वर जुनी चादर.

26 ऑक्टोबर

काल बाबांनी बोर्ड खाली काढायला लावला. ते पस्तीस वर्षं साचाखात्यात होते. त्यांनी चष्मा वर करून स्टँड बघितला, खांब मोजले, बोटाने कुंपणाची जाळी दाबून बघितली. मग विचारलं, "जमीन कुणाच्या नावावर?"

सगळ्या प्रदर्शनाचा कणा हाच प्रश्न आहे. याचं उत्तर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत जाणार.

क्रेस्पींची गिरणी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. त्याच जावरी रस्त्यावरची ती लांबलचक विटांची इमारत बरीच वर्षं रिकामी, अर्धवट वापरात राहिली, आणि पुढे तिच्यात मोठं सुपरमार्केट आलं. दर्शनी भिंती ठेवल्या, आत ट्रॉल्या. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात गेलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल.

पण 1967 मध्ये क्लबने क्रेस्पी कुटुंबाकडून मैदान विकत घेतलं. तोवर जमीन मालकाच्या मर्जीवर वापरायला मिळालेली होती. गिरणी बंद झाल्यावर चार-पाच वर्षांतच हा व्यवहार झाला. तो झाला नसता तर गिरणीच्या जमिनीबरोबर मैदानही बाजारात गेलं असतं, असं मानायला जागा आहे, कारण नंतर मोकातल्या कारखान्यांच्या जमिनींवर उंच इमारतीच उभ्या राहिल्या. पेलेच्या गोलने मैदान प्रसिद्ध झालं, पण जावरीचं मैदान वाचवलं ते खरेदीखताने.

बाबा म्हणाले, "आमच्याकडे खरेदीखत कोण करणार होतं? मैदान आमचं आहे असंच आम्ही धरून चाललो होतो." गिरणगावात मैदानं होती, गिरण्यांच्या आवारातली, चाळींच्या मधली. कबड्डी, व्यायामशाळा, मधल्या सुट्टीतलं क्रिकेट. मफतलालसारख्या गिरणीसमूहाचा फुटबॉलचा नावाजलेला संघ होता. संघ कंपनीचा, जागा कंपनीची, खेळाडूची नोकरीही कंपनीची. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमात सूत्र होतं: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू झाली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मोकळ्या जागेच्या वाट्याला जे यायचं होतं ते आकसून गेलं.

हे सगळं मला कायद्याची टिपणं म्हणून ठाऊक होतं. काल ते मैदानांची टिपणं म्हणून समोर आलं. शहराच्या वाट्याचा तो एक तृतीयांश भाग जसाच्या तसा मिळाला असता, तर आज परळच्या मुलांना चेंडू कुठे मारायचा हे विचारावं लागलं नसतं. याबद्दल मला राग आहे आणि तो प्रदर्शनात दिसला तरी चालेल.

2 नोव्हेंबर

एक मोठा निर्णय. मैदान आणि स्टँड बोर्डला पक्के राहतील. भोवतालची वस्ती मात्र काढता-घालता येईल अशा दोन संचांत करणार. पहिल्या संचात बैठी घरं, गिरणीची लांब इमारत, धुराडं. दुसऱ्यात त्याच चौकटीत वीस-पंचवीस मजली इमारती, आणि गिरणीच्या जागी तीच भिंत पण धुराडं नाही. लोक स्वतःच्या हाताने संच बदलतील. 1:200 ला पंचवीस मजले म्हणजे साधारण 38 सेंटिमीटर, मैदानाच्या रुंदीपेक्षा उंच. आज सनबोर्डचा एक मनोरा नुसता उभा करून बघितला, त्याची सावली बरोबर सेंटर सर्कलवर आली.

अडचण पकडीची. संच सैल बसला तर मुलं एका दिवसात कोपरे मोडतील. बोर्डला खाचा पाडून खाली छोटी लोहचुंबकं बसवणार आहे, दागिन्यांच्या डबीत असतात तसली. मंगळदास मार्केटच्या मागच्या गल्लीत मिळाली.

9 नोव्हेंबर

रंग. भिंती पांढऱ्या आणि जांभूळ-तांबड्या, क्लबचा रंग तोच. डाळिंबाच्या पिकल्या सालीचा गडद लाल म्हणावा असा. पोस्टर रंगात किरमिजी घेतला, त्यात थेंबभर काळा, चिमूटभर तपकिरी. उजेडात तो फार गुलाबी दिसतो आणि ट्यूबलाइटखाली फार काळा. वाचनालयात ट्यूबलाइट आहेत, म्हणून तिथे जाऊनच ठरवलं.

रंगाबद्दल एक कथा सांगितली जाते. 1929 मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि वर चढला. वरच्या श्रेणीत गिरणीचं नाव नको म्हणून नवीन नाव शोधलं. मालकाला इटलीतल्या तुरीनचा युव्हेंतुस आवडायचा, त्याचं नाव घेतलं, पोर्तुगीज उच्चारात जुव्हेंतुस. मुलगा फ्लोरेन्सच्या संघाचा भक्त, त्याचा जांभळा रंग हवा होता. शेवटी रंग आला तो तुरीनच्याच दुसऱ्या संघाचा, तोरिनोचा. बापलेकाच्या कथेचे तपशील माणसागणिक बदलतात, म्हणून फलकावर ती 'असं सांगतात' म्हणूनच येईल. नाव एका संघाचं आणि रंग त्याच्या कट्टर शेजाऱ्याचा, हे मात्र आज शर्टावर बघता येतं.

1930 ला वरच्या श्रेणीत पहिल्याच वर्षी त्यांनी कोरिंथियान्सला हरवलं. पत्रकार तोमाझ माझोनीने त्यांना 'मोलेके त्राव्हेसो' म्हटलं, खोडकर पोरगा. मोठ्यांच्या वाटेत पाय घालणारं हे पोर अजून त्याच नावाने ओळखलं जातं. 1983 मध्ये ते राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीचा 'तासा दे प्राता' जिंकले. त्यानंतर बराच काळ राज्याच्या खालच्या श्रेण्यांत. मोकातल्या पुष्कळ घरांत पाल्मेइरासचा किंवा कोरिंथियान्सचा भक्त असतो, आणि तोच शनिवारी जावरीला येऊन जुव्हेंतुससाठी ओरडतो. मामींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या गोंयांत तसंच. मोठा क्लब पेपरात वाचायचा, गावचा क्लब उन्हात उभं राहून बघायचा."

16 नोव्हेंबर

मजकुरात आजपर्यंतचं काही आणणं भाग आहे, नाहीतर हे सगळं सुखान्त गोष्टीसारखं वाचलं जाईल.

2019 मध्ये शहराच्या वारसा परिषदेने मैदानाला संरक्षण दिलं. परवानगीशिवाय पाडापाडी करता येणार नाही. ही मोठी गोष्ट आहे, कारण मोकात जमिनीचा भाव असा चढला आहे की 4,000 माणसांच्या मैदानाचा हिशेब कुठल्याही बांधकाम व्यावसायिकाला वेडेपणा वाटेल. दुसरीकडे 2021 मध्ये ब्राझीलने कायदा केला, ज्याने सभासदांच्या क्लबांना फुटबॉल विभाग कंपनी करून गुंतवणूकदाराकडे देता येतो. जुव्हेंतुसच्या सभासदांनीही 2025 मध्ये त्या वाटेला मंजुरी दिली. कर्ज, पडझड, खालच्या श्रेणीतलं तुटपुंजं उत्पन्न हे त्यामागे आहेच. त्यांना दोष देणं मला इथे बसून शोभत नाही. पण त्याच स्टँडमध्ये कित्येक वर्षं 'आधुनिक फुटबॉलचा कायमचा द्वेष' अशी घोषणा देणारे प्रेक्षक उभे राहतात, आणि त्यांच्या मनात आता काय चाललं असेल ते कळायला पोर्तुगीज यावं लागत नाही.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न पुन्हा तोच, "मग आता जमीन कुणाच्या नावावर राहणार?" हा प्रश्न मी फलकावर तसाच छापणार आहे, बाबांच्या शब्दांत.

23 नोव्हेंबर

धावफलक झाला. आकड्यांच्या पट्ट्या सरकतात. शेजारच्या दुसरीतल्या मुलीला करून बघायला दिला, तिने लगेच जुव्हेंतुस 9, सांतोस 0 करून ठेवलं. खाच थोडी घट्ट केली.

दोन्ही संच बसतात. दुसऱ्या संचातला एक मनोरा जड झाला होता, आतून पोकळ करून पुन्हा चिकटवला. माणसं तारेची आणि कागदी लगद्याची, सगळी कुंपणाशी दाटीने. मुख्य स्टँडमध्ये थोडे म्हातारे बसलेले. छपराखाली कनोलीवाल्याचा ट्रे, तांदळाच्या दाण्याएवढा.

30 नोव्हेंबर

कार्यवाह बघून गेले. बराच वेळ वाकून बघत होते, संच दोनदा बदलून पाहिले. मग म्हणाले, "याच्या बाजूला आपलं काय ठेवायचं?" मॉडेल एकटं राहिलं तर लोक ब्राझील बघून घरी जातील, ही त्यांची भीती बरोबर आहे.

ठरलं ते असं. मॉडेलशेजारच्या भिंतीवर गिरणगावाचा मोठा नकाशा, करी रोड ते दादर, भायखळा ते वरळी. बंद झालेल्या गिरण्यांची नावं आधीच छापलेली. येणाऱ्याने आपण जिथे खेळायचो ती जागा शोधून तिथे पिन टोचायची: जागा अजून खेळायला उघडी असेल तर हिरवी, नसेल तर लाल. पिनेखाली चिठ्ठी, त्यावर तीन ओळी: कोणता खेळ, साधारण कोणती वर्षं, आता तिथे काय आहे. नाव लिहायची सक्ती नाही. प्रदर्शन संपल्यावर नकाशा आणि चिठ्ठ्या वाचनालयातच राहतील, मी त्यांची यादी टाइप करून देईन.

नकाशा 1:4000 ला काढायला घेतला आहे, पुढच्या रविवारपर्यंत शाई. पिना दादरला घाऊक घ्यायच्या. बाबा म्हणाले लालच्या जास्त आण. पहिल्या दोन पिना त्यांच्या आहेत, जागा त्यांनी पेन्सिलीने आजच दाखवून ठेवल्या.